वेणी कोण घालणार?

मुलाला शहाणं करायचं तर त्याला घरापासून लांब आणि समुद्रसपाटीपासून उंच नेऊन ठेवावं, ही कल्पना पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आली असेल? ऋषींचे आश्रम अरण्यात होते हे खरं, पण तिथे घोडेस्वारीचं मैदान, पोहण्याचा तलाव आणि दर शनिवारी सिनेमा असल्याचं कुठल्या पुराणात वाचलेलं नाही. तरी कल्पना टिकली. आजही ऐपत असलेल्या आईबापांना मुलाचं भवितव्य दिसतं ते घाट संपल्यावर, जरा धुक्यात, लाल कौलांच्या इमारतीत. सपाटीवर शिकलेला मुलगा हुशार निघू शकतो, हे ते मान्य करतात. पण उंचीवर शिकलेला मुलगा 'घडतो' म्हणे. हुशार होणं आणि घडणं यांच्या फीमध्ये काही लाखांचा फरक असतो.

आमचं खापर सपाटीवर आहे. अक्कलकुवा तालुक्यातलं, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावरचं हे बाजाराचं गाव. पश्चिमेला जरा सरकलं की गुजरात लागतं, उत्तरेला मान वर केली की सातपुडा. उन्हाळ्यात डांबर मऊ होतं, ट्रकवाले झाडाची सावली बघून गाडी लावतात आणि गावात दोनच विषय तापतात: ऊन आणि शाळाप्रवेश. मी शिक्षक, म्हणजे गावाच्या हिशेबात फॉर्म भरून देणारा माणूस. रेशनकार्डापासून जात पडताळणीपर्यंत सगळे कागद माझ्या ओसरीवरून पुढे जातात. यंदा माझा धाकटा भाऊच कागद घेऊन आला.

त्याची मुलगी सहा वर्षांची. जूनमध्ये पहिलीत जायची. आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत सरकारी खर्चाने शिकवायचं, अशी राज्याच्या आदिवासी विकास विभागाची योजना आहे. २०१०-११ च्या सुमारास सुरू झाली. पोरगी पहिलीत किंवा दुसरीत असतानाच घ्यायची, दाखले जोडायचे, तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात अर्ज द्यायचा आणि यादीची वाट बघायची. बाजारात कुणीतरी भावाला सांगितलं की त्या शाळांत पाचगणीचीही शाळा असते. झालं! भावाच्या डोक्यात पाचगणी शिरली. तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी सांगितलं की पाचगणीला कशाला जाता, आपल्याच जिल्ह्यात तोरणमाळला जिल्हा परिषदेची आंतरराष्ट्रीय निवासी शाळा आहे. आता डोक्यात दोन डोंगर झाले.

भाऊ कापूस लावतो. दरवर्षी कपाशीचं बियाणं घेण्याआधी तो वहीत रकाने पाडतो: कोणतं वाण, किती दिवसांचं, बोंड केवढं, रोगाला कसं, पाणी किती. त्याने शाळांसाठीही तसाच तक्ता केला होता. डावीकडे पाचगणी, उजवीकडे तोरणमाळ. रकाने मात्र कपाशीचेच राहिले होते. 'कालावधी' पुढे 'बारावीपर्यंत' लिहिलं होतं, 'रोग' पुढे 'थंडी जास्त', आणि 'उत्पादन' हा रकाना कोरा होता.

"दादा, हे तू भर," तो म्हणाला. मुलीचं उत्पादन काय निघेल हे सांगायला त्याने घरातला मोठा भाऊ गाठला, हे त्याच्या भाबडेपणाला धरूनच झालं.

मग आम्ही नवे रकाने पाडले. पहिला उंचीचा, तो सोपा. पाचगणी सुमारे १,२९० मीटरवर, तोरणमाळ साडेअकराशेच्या आसपास. भाऊ म्हणाला, "पाचगणी पुढे." मला मग आणखी वर जावंसं वाटलं. डोंगरावरच्या निवासी शाळांचं खरं माहेर स्वित्झर्लंड. तिथलं ल रोझे हे विद्यालय १८८० सालचं. इराणचा शेवटचा शहा, मोनॅकोचा राजा रेनिए, आगाखान असे विद्यार्थी तिथून बाहेर पडले. तिथली फी वर्षाला एक लाख स्विस फ्रँकच्या वर, म्हणजे आपल्याकडचे कोटभर रुपये समजा. ही शाळा एरवी जिनिव्हाच्या सरोवराकाठी रोल या गावी भरते आणि हिवाळ्यात सगळं बिऱ्हाड उचलून गश्टाडच्या डोंगरावर जाते. त्या गश्टाडची उंची साधारण १,०५० मीटर. म्हणजे आमच्या तोरणमाळपेक्षा शंभर मीटर खाली! भावाने हे ऐकलं आणि तक्त्यात तिसरा रकाना पाडून स्वित्झर्लंडला तिसरा नंबर देऊन टाकला.

पण मला त्या स्थलांतराचं जास्त नवल वाटलं. हिवाळा आला की मास्तर, मुलं, पुस्तकं, स्वयंपाकी सगळे डोंगरावर. बर्फ वितळलं की खाली. आमच्याकडेही दिवाळी झाली की पाडेच्या पाडे उठतात. डोंगरावरून खाली गुजरातेत, सुरत-बारडोलीकडे, ऊसतोडीला. पोरंही बरोबर असतात. त्या पोरांची शाळा बुडू नये म्हणून सरकारने हंगामी वसतिगृहांची सोय काढली: आईबाप जातील, मुलांनी गावात राहायचं. हिवाळ्यात कुणाची शाळा बिऱ्हाड हलवते, तर कुणाचं बिऱ्हाड शाळा सोडून हलतं. दोन्ही जागी मूल आईपासून लांबच राहतं. एका जागी त्याची पावती मिळते, एवढाच काय तो फरक.

दुसरा रकाना हवेचा. "हवा कुठली चांगली?" भावाने विचारलं. हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही, कारण डोंगरावरच्या शाळांचा सगळा धंदा मुळात हवेवर उभा आहे. पाचगणी वसवली ती जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने, १८६० च्या दशकात. आजारी आणि थकलेल्या गोऱ्यांना विसावा हवा होता. त्याने कुठून कुठून झाडं आणून लावली. आज पाचगणीत गेल्यावर जो उंच सिल्व्हर ओक दिसतो तो त्याच काळातला पाहुणा. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. बिलिमोरियांनी तिथे क्षयरोग्यांसाठी 'बेल एअर' हे आरोग्यधाम काढलं. मुंबईच्या कोंदट खोल्यांतले रुग्ण त्या हवेत खाटा टाकून पडत.

स्वित्झर्लंडमध्येही नेमकं हेच. लेझँ नावाचं गाव क्षयरोग्यांसाठी जगात गाजलेलं. डॉक्टर ओग्युस्त रॉलिए यांनी १९०३ सालापासून तिथे रुग्णांना गच्चीवर उन्हात झोपवून बरं करायचा उपाय चालवला. मग १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं. क्षय इंजेक्शनने बरा व्हायला लागला आणि त्या भल्यामोठ्या इमारती ओस पडल्या. गच्च्या, लांब व्हरांडे, मोठाली स्वयंपाकघरं, ओळीने खोल्या. या जागेत आता काय करायचं? १९६० साली तिथे अमेरिकन निवासी शाळा निघाली. म्हणजे ज्या गच्च्यांवर रुग्ण घरी जायची वाट बघत पडायचे, तिथेच मुलं सुट्टीची वाट बघू लागली. वाट बघण्यासाठीच बांधलेल्या इमारती त्या. त्यांचा उपयोग काही फारसा बदलला नाही.

भावाने 'हवा' या रकान्यात दोन्हींना 'चांगली' लिहिलं. मग जरा विचार करून स्वतःच्या गावासाठीही एक ओळ टाकली: 'खापर – गरम.'

इतका वेळ आई खाटेवर बसून मोहाची फुलं निवडत होती. तिला वाटलं आता बोलावं. "पाचगणी म्हणजे तीच ना," ती म्हणाली, "जिथं त्या दातपुढं पोराला सोडून त्याचे आईबाप गाडीत बसून निघून गेले?" भाऊ गोंधळला. मला कळलं. 'तारे जमीन पर' टीव्हीवर लागला होता, तो तिने पाहिलेला. २००७ चा तो सिनेमा खरोखरच पाचगणीच्या न्यू एरा शाळेत चित्रित झाला. सिनेमात पुढे प्रेमळ मास्तर येतो, पोरगा चित्र काढतो, सगळं गोड होतं. आईला त्यातलं काही आठवत नव्हतं. तिला आठवत होती ती फक्त लांब जाणारी गाडी. "तिथं नाही पाठवायची," तिने निकाल दिला आणि पुन्हा मोहाकडे वळली. पाचगणीच्या शाळांनी माहितीपुस्तिकांवर कितीही खर्च केला तरी एका आजीच्या मनातून ती गाडी ते कसे काढणार?

मी पाचगणीची बाजू घेतली. म्हटलं, तिथे चांगल्या शाळा आहेत आणि जुन्या आहेत. सेंट पीटर्स १९०४ पासूनची. संजीवन विद्यालय १९२२ चं, ज्या काळात शांतिनिकेतनाचं वारं वाहत होतं त्या काळातलं. न्यू एरा १९४५ ची, बहाई मंडळींनी काढलेली. देशोदेशीची मुलं तिथे येऊन गेली. सेंट पीटर्समध्ये १९५५ साली झांझिबारहून एक आठ वर्षांचा पारशी मुलगा आला, फरोख बुलसारा. वडील तिकडे इंग्रजांच्या कचेरीत कॅशियर. झांझिबारहून बोटीने मुंबई, तिथून घाट चढून पाचगणी. सुट्टीत घरी जाणं कुठलं जमायला? सुट्ट्या मुंबईत आजी-मावशीकडे. पियानो शिकला, मित्रांना घेऊन १९५८ मध्ये 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पुढे सगळ्या जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं.

"मग?" भावजय चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली. "आपली पोरगी गाणारी होईल म्हणता?"

"होईलच असं नाही."

"मग त्याच्या आईला किती वर्षांनी भेटला तो?"

ते काही माझ्याकडे नव्हतं. मोठ्या माणसांची चरित्रं लिहिणारे बँडची तारीख लक्षात ठेवतात. आईची भेट कधी झाली ती तारीख त्यांच्या टिपणांत सहसा नसते.

आता तोरणमाळची बाजू. तोरणमाळ आमच्या जिल्ह्याचं थंड हवेचं ठिकाण, म्हणजे आमचं महाबळेश्वर म्हणायचं, फक्त हॉटेलं आणि गर्दी वगळून. शहाद्याहून डोंगरात शिरायचं, सात पायरी घाट चढायचा; वळणं अशी की शहरातला पाहुणा चौथ्या वळणाला गप्प होतो. वर यशवंत तलाव, कमळांचा तलाव, सीताखाईची दरी, गोरखनाथाचं देऊळ. महाशिवरात्रीला यात्रा भरते तेव्हा मध्य प्रदेशातूनही माणसं चालत येतात. थंडीत वरचं पाणी बोटं बधिर करतं. आजूबाजूच्या दऱ्याखोऱ्यांत पाडे विखुरलेले. तिथल्या दोन-चार पोरांच्या, एका मास्तरच्या शाळा एकत्र करून वर मोठी निवासी शाळा करायची, असा बेत झाला. त्याच सुमारास, २०१८ साली, राज्याने आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन केलं होतं आणि जिल्हा परिषदेच्या काही शाळा त्या मंडळाला जोडायला सुरुवात केली होती. आमच्या तोरणमाळचं नाव त्यात आलं. पुढे सरकार बदललं, ते मंडळ गेलं. लोकांच्या तोंडी मात्र शाळा 'आंतरराष्ट्रीय'च राहिली. सरकारी मंडळं येतात-जातात. एकदा मिळालेली पदवी मात्र आमची माणसं कुणाला परत करत नाहीत.

'आंतरराष्ट्रीय' या रकान्याशी भाऊ अडला. "तिथं परदेशी पोरं आहेत का?"

म्हटलं, ल रोझेमध्ये नियम आहे: कुठल्याही एका देशाची मुलं शंभरात दहाच्या वर घ्यायची नाहीत, म्हणजे एकाच भाषेचे कंपू होत नाहीत. आमच्याकडे असा नियम करायची गरजच पडत नाही. डोंगरातल्या कुठल्याही आश्रमशाळेत एका खोलीत बघावं: कुणी पावरा, कुणी वसावा, कुणी तडवी, कुणी मावची. एकाच्या घरी पावरी, दुसऱ्याच्या घरी देहवाली, तिसऱ्याच्या मामाकडे अहिराणी, बाजारात गुजराती, टीव्हीवर हिंदी, वर्गात मराठी, आणि आता पुस्तकात इंग्रजी. सहा वर्षांचं पोर सकाळपासून झोपेपर्यंत चार भाषांच्या सीमा ओलांडतं आणि त्याच्याकडे कुणी पासपोर्ट मागत नाही. स्वित्झर्लंडला ज्यासाठी कोटभर रुपये पडतात, ते आम्हाला फुकट मिळतं. फक्त 'तू भाषातज्ज्ञ आहेस' असं त्या पोराला कुणी सांगत नाही. त्याला सांगितलं जातं, 'तुला नीट मराठी येत नाही.'

आणि लांबून येणाऱ्या मुलांचं म्हणाल तर अक्कलकुव्याला १९७९ पासून जामिया, म्हणजे मोठा मदरसा, आहे. तिथल्या वसतिगृहांत बिहार, उत्तर प्रदेश, काश्मीरपर्यंतची मुलं राहून शिकतात. आमच्या गावावरून जाणाऱ्या बसमध्ये सुट्टीच्या दिवसांत पेट्या घेऊन बसलेली ती मुलं दिसतात. म्हणजे गंगेकाठच्या कुठल्या तरी घरातही एखादा बाप नातेवाइकांना सांगत असणार, 'पोराला लांब पाठवलंय, अक्कलकुव्याला, तिकडची सोय चांगली आहे.' आम्ही पाचगणीकडे बघतो, तो आमच्याकडे बघतो. ज्याच्या त्याच्या स्वित्झर्लंडचा पत्ता वेगळा असतो.

माझ्या वेळी तक्ता नव्हता. मी आश्रमशाळेत शिकलो. वडिलांनी दोन शाळांची तुलना केली नाही, कारण दुसरी शाळाच नव्हती. त्यांनी पत्र्याची पेटी घेतली, ऑइलपेंटने तिच्यावर माझं नाव घालून घेतलं. पेंटरने 'व' ची वेलांटी उलटी काढली होती ती शेवटपर्यंत तशीच राहिली. पेटीत दोन कपडे, एक गोधडी, लसणाची कोरडी चटणी आणि सुट्टीत भेटू असं आश्वासन. कुलपाची किल्ली करदोड्याला बांधलेली. रात्री पोटाला ती टोचायची आणि ती टोचली की आपली पेटी आपली आहे, एवढं कळायचं. जेवण कसं, हवा कशी, मैदान किती, हे विचारावं असं वडिलांच्या मनातही आलं नाही. त्यांच्या लेखी शाळा लागली हेच भाग्य. म्हणून भावाने तक्ता पुढे केला तेव्हा मला हसू आलं, पण बरंही वाटलं. आमच्या घराण्यात मुलीसाठी दोन शाळा समोर ठेवून बोट फिरवण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती. चिकित्सा करणं ही चैन आहे. ती आमच्याकडे पोचायला तीन पिढ्या लागल्या.

त्या आश्रमशाळेतली एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर अजून लख्ख आहे. रविवारी सकाळी आंघोळी झाल्या की मुली व्हरांड्यात ओळीने बसत. एकीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी. प्रत्येकीच्या हातात पुढचीचे केस. खोबरेल तेलाची एक बाटली ओळीच्या शेवटापासून पुढे सरकायची. सगळ्यात पुढे सगळ्यात धाकटी. तिच्या हातात कुणाचेच केस नसत, म्हणून तिच्याकडे रिबिनी धरायचं काम. सगळ्यात मागे दहावीची एखादी ताई. तिची वेणी घालायला मागे कुणी नाही. ती पहाटे उठून आपली आपण घालून बसायची. मधल्या मुली भांडत, ओढत, 'दुखतंय' म्हणून ओरडत आणि पुढच्या मुलीचा भांग सरळ आला की नाही ते मान वाकडी करून बघत. कुठलीही सूचना नाही, कुठला तास नाही. दर वर्षी मागची ताई शाळा सोडून जायची, ओळ एक जागा मागे सरकायची आणि पुढे रिबिनी धरायला नवी पोरगी यायची. मुलींच्या आया डोंगरात, शेतात, उसाच्या फडात. पण रविवारी सकाळी कुणाचे केस विस्कटलेले नसत.

डोंगरातल्या शाळांचं म्हणाल तर आणखी एका जातीच्या शाळा आमच्या जिल्ह्याने बघितल्या. नर्मदेच्या काठाला, धरणाचं पाणी वर येणार हे दिसत असताना, १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे जीवनशाळा सुरू झाल्या. नर्मदा बचाव आंदोलनाच्या या निवासी शाळा. भिंती कुडाच्या, शिकवणारी पोरं त्याच गावांतली, सुरुवात मुलांच्या बोलीतून. पाणी चढलं की शाळा उचलून वरच्या टेकाडावर बांधायची. तक्त्यातला उंचीचा रकाना त्यांनी कधी भरला नसेल, पण त्या सरकत राहिल्या वरवरच. तिथून शिकलेली मुलं पुढे शिकवायलाही लागली. भाऊ म्हणाला, "ते खरं, पण तिथं आता कोण पाठवणार?" मी काही बोललो नाही. प्रत्येक शाळा प्रत्येक वर्षाची नसते. पण शाळा कशाने उभी राहते याचं उत्तर जर कुणाला हवं असेल, तर इमारतीचे फोटो बघून ते मिळणार नाही, एवढं त्या टेकाडांनी सांगून ठेवलं आहे.

मग अंतराचा रकाना आला. पाचगणी खापरहून सहाशे किलोमीटरच्या आसपास. नंदुरबार, धुळे, नाशिक, पुणे, मग वाई आणि पसरणीचा घाट. बस बदलत गेलं तर एक रात्र आणि वर अर्धा दिवस. तोरणमाळ तळोदा, शहादा करून शंभराच्या थोडं वर. भाऊ म्हणाला, "अंतर कमी म्हणजे तोरणमाळला एक गुण." मी म्हटलं, शहरातले लोक उलटा गुण देतात. शाळा जितकी लांब तितकी चांगली, नाहीतर पोरगा दर आठवड्याला घरी पळून येईल. एग्लन नावाची स्विस शाळा आहे, १९४९ ची. तिचे संस्थापक जॉन कॉर्लेट आधी स्कॉटलंडच्या गॉर्डनस्टन शाळेत शिकवायचे. मुलांनी पहाटे उठावं, थंड पाण्याने अंघोळ करावी, थोडा वेळ शांत बसावं, डोंगर चढावेत, असा त्यांचा शिरस्ता. त्याने माणूस कणखर होतो म्हणतात.

भावजय आता ओसरीवर येऊन बसली होती. "थंड पाण्यानं अंघोळ?" तिने विचारलं. "त्याचे पैसे घेतात?"

"कोटभर."

तिने भावाकडे असं बघितलं की तोरणमाळलाही एक गुण कमी झाला.

मग तिने तिचा प्रश्न विचारला. इतका वेळ ती काय ऐकत होती ते तेव्हा कळलं. पुतणीचे केस कमरेपर्यंत, आजीने वाढवलेले, कापायचं नाव काढलं तरी घरात रडारड. "तिथं वेणी कोण घालणार?" भावजय म्हणाली. "हिला अजून येत नाही."

भावाने तक्ता वर-खाली बघितला. असा रकाना नव्हता. कपाशीला वेणी नसते. तो म्हणाला, "केस कापून टाकतील. सगळ्या मोठ्या शाळांत मुलींचे केस बारीकच असतात." हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. आजी उठून आत गेली, पुतणी आजीच्या मागे गेली, मोहाची टोपली ओसरीवर एकटी राहिली.

मला मात्र वाटलं, तुलना खरी इथून सुरू झाली. इतका वेळ आम्ही बघत होतो ते शाळा मुलीचं काय करील ते. भावजय बघत होती की मुलीचं कोण करील. पहिल्या प्रश्नाची उत्तरं छापून मिळतात: निकाल, मैदान, प्रयोगशाळा, इंग्रजी. दुसऱ्याची छापून मिळत नाहीत, आणि सहा वर्षांच्या मुलीला त्या दुसऱ्या उत्तरांतच राहायचं असतं. रात्री ताप आला तर कुणाला उठवायचं? दात पडला तर तो कुणाला दाखवायचा? ल रोझेच्या राजपुत्रालाही हेच हवं होतं आणि धडगावच्या पाड्यावरच्या पोरालाही. एकाच्या वेळी ते पगार घेणाऱ्या मेट्रनने केलं, दुसऱ्याच्या वेळी दहावीतल्या ताईने. दोन्ही चालतं. कुणीच न करणं तेवढं चालत नाही.

तर ठरलं काय? भावजयीने ठरवलं. पहिली खापरलाच, घरून. "दुसरीपर्यंत घेतात ना? मग वर्ष आहे हातात. वर्षभरात तिला वेणी शिकवते. स्वतःची स्वतः घालता आली की मग पाचगणी म्हणा, तोरणमाळ म्हणा." भाऊ म्हणाला, "तोरणमाळला आधी हक्क वरच्या पाड्यांवरच्या पोरांचा. आपल्याला मिळेलच असं नाही." ती म्हणाली, "नाही मिळाली तर नाही. विचारायला काय जातं?"

विचारायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी पाचगणीच्या एका शाळेला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी फी, प्रवेश, वयाची अट, वसतिगृह, आठवड्याचा आहार सगळं झरझर सांगितलं. शेवटी मी विचारलं, "लहान मुलींच्या वेण्या कोण घालतं?" जरा वेळ आवाज आला नाही. मग त्या हसल्या. "हे मला विचारून सांगावं लागेल, सर. आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. फोन करते तुम्हाला."

भावाने लगेच वहीत नवा रकाना पाडला. त्यांचा फोन परत आला तर पाचगणीला एक गुण जास्त द्यायचा, असं तो म्हणतो. भावजय म्हणते, दोन.